कोणती पदवी, कोणता देश?



दहावीचा वर्ग सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर दोन शब्द लिहितो : 'पुढे काय?' मुले वहीत उत्तर लिहितात. गेली काही वर्षे वीसपंचवीस वह्यांत तरी एकच उत्तर असते : 'मी परदेशात जाणार.'

यात नवल नाही. आपल्या जोगेश्वरीत गल्लीगल्लीत कोणी ना कोणी 'बाहेर' आहे. कोणाचे मामू जेद्दाहला आहेत, कोणाचे चाचा मस्कतला, तर कोणाची खाला अमेरिकेत. 1973 नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखाती देशांत रस्ते, इमारती व कारखाने यांची कामे निघाली. तेव्हापासून मुंबईतून आणि कोकणातून हजारो माणसे तिकडे गेली. त्यांनी पाठवलेल्या पैशांतून घरे पक्की झाली, बहिणींची लग्ने झाली, भावंडांची फी भरली गेली. म्हणून 'बाहेर' हा शब्द आपल्या मुलांना गोड वाटतो.

पण मी त्या मुलांना लगेच दुसरा प्रश्न विचारतो : "जाणार हे ठीक, पण काय म्हणून जाणार?"

या प्रश्नावर वर्ग गप्प होतो. देशाचे नाव पाठ असते. आपण तेथे कोण असणार, हे ठरलेले नसते. या पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. विज्ञानाची किंवा तंत्रशिक्षणाची पदवी निवडताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात? त्यांपैकी कोणत्या आधी पाहाव्यात?

प्रथम एक हकीकत सांगतो. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी होता. त्याचे नाव येथे सांगत नाही. त्याचे अब्बा रिक्षा चालवत. मुलगा गणितात चांगला होता. बारावीनंतर शेजाऱ्यांनी सल्ला दिला, "सिव्हिल इंजिनियरिंग घ्या, कुवेतमध्ये मागणी आहे." अब्बांनी कर्ज काढले. ज्या कॉलेजात लगेच जागा मिळाली तेथे प्रवेश घेतला. चार वर्षांनी मुलगा इंजिनियर झाला आणि खरोखरच कुवेतला गेला. पगार चांगला होता. घरी पैसे येऊ लागले. कर्ज फिटत आले.

मग 2018 साल उजाडले. त्या वर्षी कुवेत सरकारने नवा नियम केला. इंजिनियर म्हणून राहण्याचा परवाना नव्याने करून घ्यायचा असेल, तर कुवेतच्या इंजिनियर संघटनेचे ना-हरकत पत्र आणावे लागेल. भारतातून आलेल्या इंजिनियरांच्या बाबतीत ही संघटना एक गोष्ट पाहू लागली : त्यांच्या पदवीला 'एनबीए' या भारतीय मंडळाची मान्यता होती का? ज्यांच्या पदवीला ती नव्हती, असे हजारो भारतीय इंजिनियर अडचणीत आले. एनबीएची स्थापनाच 1994 साली झाली. त्याआधी पदवी घेतलेले अनुभवी इंजिनियरही या नियमात सापडले. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला हा प्रश्न कुवेत सरकारपुढे मांडावा लागला.

आमच्या विद्यार्थ्याच्या शाखेला ती मान्यता नव्हती. त्याच्या परवान्यावरचा 'इंजिनियर' हा शब्द गेला आणि 'सुपरवायझर' हा शब्द आला. काम तेच राहिले, पगार मात्र कमी झाला. पुढच्या वर्षी तो सुट्टीवर आला तेव्हा शाळेत भेटायला आला. खाली मान घालून म्हणाला, "सर, चार वर्षं एवढी जाडजाड पुस्तकं वाचली. पण प्रवेश घेताना एक यादी वाचायची राहिली."

कोणती यादी? ते आता समजून घेऊ.

'सनद' हा शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत आहे. उर्दूत सनद म्हणजे प्रमाणपत्र. मराठीतही हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ थोडा वेगळा आहे. मराठीत सनद म्हणजे अधिकारपत्र. कायद्याची पदवी घेतलेल्या माणसाला वकिली करण्याची सनद वेगळी मिळते. पदवी सांगते की हा माणूस अमुक शिकला आहे. सनद सांगते की याला अमुक काम करण्याचा अधिकार आहे. हा फरक ध्यानात ठेवा. परदेशी जाताना नेमका हाच फरक आडवा येतो. पदवी इथे मिळते. पण त्या पदवीवर काम करण्याचा अधिकार तो देश देतो.

हा अधिकार देताना तो देश काय पाहतो? इंजिनियरिंगपुरते बोलायचे तर अशी व्यवस्था आहे. 1989 साली काही देशांनी एक करार केला. त्याला 'वॉशिंग्टन करार' म्हणतात. या करारातील देश एकमेकांच्या इंजिनियरिंग पदव्या बरोबरीच्या मानतात. भारत 2014 साली या कराराचा कायम सदस्य झाला. भारताच्या बाजूने पदव्या तपासण्याचे काम एनबीए, म्हणजे राष्ट्रीय मान्यता मंडळ करते.

येथे दोन बारकावे आहेत. पहिला असा की, एनबीए संपूर्ण कॉलेजला मान्यता देत नाही. एकेका शाखेला देते. एकाच इमारतीत कॉम्प्युटरच्या शाखेला मान्यता असते आणि शेजारच्या सिव्हिलच्या शाखेला नसते. ही मान्यता तीन किंवा सहा वर्षांसाठी असते, कायमची नसते. कॉलेजच्या दारावर 'ए श्रेणी' असा मोठा फलक असतो. ती श्रेणी बहुधा 'नॅक' या दुसऱ्या संस्थेची असते. नॅक कॉलेजचा विचार करते, एनबीए शाखेचा. दुसरा बारकावा असा की, एनबीएच्या मान्यतेचे दोन स्तर आहेत. वॉशिंग्टन करार लागू होतो तो पहिल्या स्तराला. त्यात स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांचे स्वतःचे विभाग येतात. ही सर्व यादी एनबीए इंटरनेटवर प्रसिद्ध करते. ती पाहायला पैसे पडत नाहीत. अर्धा तास पडतो. आमच्या विद्यार्थ्याचा तो अर्धा तास राहून गेला होता.

इंजिनियरिंगप्रमाणेच इतर पदव्यांचेही आहे. नर्सिंगची पदवी घेतलेल्या मुलीला आखाती देशांत नोकरीआधी परवान्याची परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेत त्यांची वेगळी परीक्षा असते. जर्मनीत नर्सला जर्मन भाषा चांगली यावी लागते. साधी बी.एस्सी. ही आपल्याकडे वर्षानुवर्षे तीन वर्षांची पदवी होती. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे मात्र एम.एस.साठी चार वर्षांची पदवी मागतात. आता 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार चार वर्षांची पदवीही घेता येते. ज्याला पुढे शिकायला बाहेर जायचे आहे, त्याने या चौथ्या वर्षाचा विचार पहिल्याच वर्षी करावा.

आता आपल्या हकीकतीकडे परत येऊ. त्या विद्यार्थ्याची धाकटी बहीण तेव्हा माझ्याच दहावीच्या वर्गात होती. तिला रसायनशास्त्राची आवड होती. तिची खाला शिकागोला राहते. खालाचे म्हणणे असे की, मुलीने बी.फार्म. करावे, मग अमेरिकेत येऊन फार्मासिस्ट व्हावे. घरात सगळ्यांना ही गोष्ट पसंत पडली. भाऊ मात्र एकदा पोळलेला होता. तो म्हणाला, "सर, या वेळी आधी यादी वाचू."

आम्ही माहिती काढली. तेव्हा असे दिसले की, 2003 पासून अमेरिकेचा नियम वेगळा आहे. बाहेरच्या देशातून आलेल्या फार्मासिस्टला तिकडच्या परीक्षेला बसायचे असेल, तर त्याचा अभ्यासक्रम निदान पाच वर्षांचा असावा लागतो. आपले बी.फार्म. चार वर्षांचे आहे. म्हणजे केवळ बी.फार्म. करून तिला तेथे फार्मासिस्ट होता आले नसते. आपल्याकडे 2008 पासून 'फार्म.डी.' हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो चालला असता. पण सहा वर्षांची फी तिच्या अब्बांना झेपणारी नव्हती.

खालाने खोटे सांगितले नव्हते. तिने ऐकीव सांगितले होते. आपल्या घरांत बहुतेक सल्ले असेच ऐकीव असतात. ते प्रेमाने दिलेले असतात, म्हणून ते तपासणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. पण मित्रांनो, मोठ्यांचा आदर करावा आणि नियम स्वतः वाचावा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

मग त्या मुलीने काय ठरवले? ते सांगण्यापूर्वी तीन प्रश्न लिहून घ्या. हे तीन प्रश्न तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले होते.

पहिला प्रश्न : मला कोणता विषय येतो आणि आवडतो?

दुसरा प्रश्न : या पदवीला येथे कोणाची मान्यता आहे आणि तेथे कोण ती मानतो?

तिसरा प्रश्न : बाहेरचे दार बंद झाले, तर या पदवीवर मला येथे काम मिळेल का?

पहिला प्रश्न पहिलाच का, ते पाहू. देशाचे नियम बदलतात. आपल्याला आलेला विषय कोणी काढून घेत नाही. याचे एक मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांचा जन्म 1943 साली गोव्यातील माशेल या गावी झाला. लहानपणीच वडील वारले. आई त्यांना घेऊन मुंबईला गिरगावात आली आणि कष्टाची कामे करून तिने त्यांना शिकवले. शाळेत भावे नावाचे शिक्षक होते. त्यांनी एकदा मुलांना उन्हात नेऊन भिंग दाखवले. सूर्याचे किरण भिंगातून एका बिंदूवर आणले, तेव्हा खालचा कागद जळला. मन असे एका ठिकाणी आणले तर काहीही साधता येते, हा त्या प्रयोगाचा धडा होता. मॅट्रिकनंतर शिक्षण थांबण्याची वेळ आली होती. टाटांच्या विश्वस्त निधीकडून दरमहा 60 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुढे शिकले.

माशेलकरांनी मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात रासायनिक अभियांत्रिकीचा अभ्यास केला. माटुंग्याचा हा विभाग 1933 साली सुरू झाला होता. 1966 साली ते पदवीधर झाले आणि 1969 साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. मग ते इंग्लंडमध्ये सॅल्फर्ड विद्यापीठात गेले आणि तेथे शिकवू लागले. 1976 साली ते भारतात परत आले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजू झाले. पुढे ते देशातील वैज्ञानिक प्रयोगशाळांच्या परिषदेचे महासंचालक झाले. हळदीने जखम बरी होते, या ज्ञानावर अमेरिकेत दिले गेलेले पेटंट 1997 साली रद्द झाले. तो लढा याच परिषदेने दिला होता. 1998 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने माशेलकरांना आपले सदस्य करून घेतले. पाहा, विषय पक्का होता म्हणून इंग्लंडचे दार उघडले आणि परत आल्यावर पुण्याचेही दार उघडले.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल आपण बरेच बोललो. आता तिसरा प्रश्न पाहू. पुष्कळ मुलांना तो अपशकुनी वाटतो. 'जायच्या आधीच परत यायची भाषा कशाला?' असे ती म्हणतात. पण इतिहास काय सांगतो? 2011 साली सौदी अरेबियाने 'निताकात' नावाची योजना आणली. ज्या कंपनीत सौदी नागरिक कमी, त्या कंपनीला परदेशी माणसे ठेवणे अवघड झाले. त्यामुळे अनेक घरांतले कमावते परत आले. 2018 साली कुवेतचे काय झाले ते वर सांगितलेच. अमेरिका दरवर्षी ठरावीक संख्येने 'एच-1बी' व्हिसा देते. ही संख्या 85,000 आहे. सप्टेंबर 2025 मध्ये तेथील सरकारने बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर 1,00,000 डॉलरचे शुल्क लावले. हे नियम करताना कोणी आपल्याला विचारले नव्हते आणि पुढेही विचारणार नाही. म्हणून एकाच देशाकडे पाहून पदवी निवडणे म्हणजे परक्याच्या छत्रीवर पावसाळा काढण्यासारखे आहे. त्याने छत्री मिटली की आपण भिजलो.

आता तुम्ही विचाराल, "सर, आम्ही तर अजून नववी-दहावीत आहोत. आम्ही आत्ता काय करायचे?" करण्यासारखे बरेच आहे.

पहिली गोष्ट, दहावी नीट उत्तीर्ण व्हा. हे तुम्हांला फारच साधे वाटेल. पण 1983 च्या परदेशगमन कायद्याखाली जी व्यवस्था आहे, तिच्यात दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर सहसा वेगळी नोंद असते. आखाती देशांसह 18 देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारी कार्यालयाची परवानगी काढावी लागते. दहावी उत्तीर्ण झालेल्यास ती लागत नाही. ही परवानगी गरीब मजुरांची फसवणूक होऊ नये म्हणून आहे. तरीही पहिल्या पदवीआधीचा हा पहिला कागद किती मोलाचा आहे, ते यावरून कळते.

दुसरी गोष्ट, आपले नाव तपासा. आपल्या समाजात ही अडचण फार येते. दाखल्यावर 'शेख' एका पद्धतीने लिहिलेले असते, पासपोर्टवर दुसऱ्या. 'मोहम्मद' हे नाव इंग्रजीत कोणी पूर्ण लिहितो, तर कोणी पहिली दोनचार अक्षरेच लिहितो. आपल्याला वाटते, नाव तर तेच आहे. पण परदेशी कार्यालयातील कारकुनाला ती दोन वेगळी माणसे वाटतात. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना शाळा तुम्हांला नाव तपासायला देते. तेव्हा घाईने सही करू नका. जन्मदाखला, शाळेचे रजिस्टर आणि आधार कार्ड समोर ठेवा आणि एकेक अक्षर जुळवून पाहा. पुढे तीच अक्षरे पासपोर्टवर आणि पदवीवर येऊ द्या. नंतर दुरुस्ती करायची म्हणजे बोर्डाकडे खेटे आणि राजपत्रात जाहिरात. तेव्हाचे चार महिने आणि आजची पाच मिनिटे यांचा हिशेब तुम्हीच करा.

तिसरी गोष्ट, अकरावीचे विषय विचारपूर्वक घ्या. गणित सोडले तर इंजिनियरिंगचे दार बंद होते. जीवशास्त्र सोडले तर वैद्यकीय आणि नर्सिंगचे दार बंद होते. ज्याचे अजून ठरत नाही, त्याने झेपत असेल तर दोन्ही विषय घ्यावेत. विज्ञान शिकायला लांब जायलाही नको. जोगेश्वरी पूर्वेच्या टेकडीवर इस्माईल युसूफ कॉलेज आहे. हे सरकारी कॉलेज 1930 साली सुरू झाले. मुंबईच्या उपनगरांतील हे सर्वांत जुने कॉलेज. आपल्या जोगेश्वरीहून निघणारा जोडरस्ता विक्रोळीकडे जातो. त्याच रस्त्यावर पवईला आयआयटी आहे. ती 1958 साली स्थापन झाली. अंधेरीला सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. भायखळ्याला अंजुमन-ए-इस्लामचे साबू सिद्दिक महाविद्यालय आहे. माटुंग्याला 1887 साली स्थापन झालेली व्हीजेटीआय आहे. ही सर्व ठिकाणे आपल्या घरापासून बस आणि लोकलच्या अंतरावर आहेत. मार्क मात्र तेवढे हवेत.

चौथी गोष्ट, पदवी हाच एक मार्ग आहे असे मानू नका. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा करता येतो. त्यानंतर इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आयटीआयमध्ये वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन असे व्यवसाय शिकवतात. हातात कौशल्य असलेल्या वेल्डरला मान असतो. कच्च्या पदवीपेक्षा पक्का डिप्लोमा केव्हाही बरा.

पाचवी गोष्ट, भाषा. तुम्ही विज्ञान उर्दूत शिकता. उर्दूत जिला 'तवानाई' म्हणतात, तिला मराठीत 'ऊर्जा' म्हणतात आणि इंग्रजीत 'एनर्जी'. वस्तू एकच, नावे तीन. एक वही करा आणि तिच्यात विज्ञानाचे शब्द तीन रकान्यांत लिहा. रोज पाच शब्द लिहिले तर वर्षात दीड हजारांहून अधिक शब्द होतील. अकरावीत इंग्रजी माध्यम आले की उर्दू माध्यमाची हुशार मुले पहिले सहा महिने गोंधळतात. त्यांना विज्ञान येत नसते असे नाही, विज्ञानाची नवी नावे येत नसतात. ही वही त्यावर सोपा उपाय आहे.

पैशाचा प्रश्न उरतोच. त्याबाबतही ऐकीव माहितीवर थांबू नका. पूर्वी केंद्र सरकारची 'पढो परदेश' नावाची योजना होती. परदेशी शिकणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कर्जाचे व्याज तिच्यातून भरले जाई. 2022-23 पासून ती बंद झाली. तरीही पुष्कळजण अजून तिचेच नाव सांगतात. आपल्या राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शिक्षणासाठी कर्ज देते. परदेशी उच्च शिक्षणासाठी जमशेटजी टाटांनी 1892 साली स्थापन केलेला निधी आजही कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते. परंतु राहण्याखाण्याचा वर्षाचा खर्च आधी बँकेत दाखवावा लागतो. 2024 साली ही रक्कम 11,904 युरो ठरली. 'फुकट शिक्षण' हा शब्द ऐकला की तो पूर्ण वाक्यात वाचावा, असे मी म्हणतो ते याचसाठी.

पदवी मिळाल्यावरही कागदांचे काम असते. पदवीवर सरकारी शिक्का घ्यावा लागतो. ज्या देशांनी यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार मानला आहे, तेथे परराष्ट्र मंत्रालयाचा 'अपोस्टिल' नावाचा एकच शिक्का चालतो. भारत या करारात 2005 साली आला, सौदी अरेबिया 2022 साली. बाकीच्या देशांसाठी त्यांच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. नोकरी लावून देणारा एजंट भेटला, तर प्रथम त्याचा सरकारी नोंदणी क्रमांक विचारा. नोंदणी असलेल्या एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरील कर याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. जो लाखाची भाषा करतो, त्याला सलाम करून घरी यावे.

आता त्या बहीणभावाचे पुढे काय झाले, ते सांगतो. भाऊ दोन वर्षांनी कुवेतहून कायमचा परत आला. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर तेव्हा मेट्रोचे खांब उभे राहत होते. त्या कामावर एका ठेकेदाराकडे त्याला इंजिनियरची नोकरी मिळाली. पगार कुवेतपेक्षा कमी होता. पण नावापुढचा 'इंजिनियर' हा शब्द परत आला. विषय त्याला येत होता, म्हणून तो तरला.

बहिणीने सगळे नियम वाचले आणि तरीही बी.फार्म.च निवडले. मला आश्चर्य वाटले. मी विचारले, "अगं, अमेरिकेत याचा उपयोग नाही हे कळलं ना?"

ती म्हणाली, "कळलं सर. म्हणूनच अब्बांना अमेरिकेसाठी कर्ज काढू दिलं नाही. पण रसायनशास्त्र मला आवडतं आणि औषधांचे कारखाने इथंही आहेत."

ती म्हणाली ते खरे होते. 1935 साली डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत सिप्ला ही औषध कंपनी स्थापन केली. त्यांनी रसायनशास्त्रातील डॉक्टरेट बर्लिनला घेतली होती. शिकायला बाहेर गेले आणि कारखाना येथे काढला. आज मुंबईच्या आसपास औषधनिर्मितीचे अनेक कारखाने आहेत. अशाच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती मुलगी गोळ्यांची गुणवत्ता तपासण्याचे काम करते. संध्याकाळी ती जर्मन भाषेच्या वर्गाला जाते. पुढे एम.एस.साठी अर्ज करायचा तिचा विचार आहे. ती जाईल की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण जाईल तेव्हा 'काय म्हणून जाणार?' या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ असेल.

मागील वर्षी ती आमच्या दहावीच्या वर्गात आली होती. मुलांनी विचारले, "बाजी, कोणत्या देशात जास्त पगार मिळतो?" तिने फळ्याकडे जाऊन आपले ते तीन प्रश्न लिहिले आणि म्हणाली, "हे आधी सोडवा. पगाराचा प्रश्न चौथा आहे."

मित्रांनो, तुमच्या वहीच्या शेवटच्या पानावरही हे तीन प्रश्न लिहून ठेवा. प्रवेशाच्या अर्जावर सही करण्याआधी ते पान उघडा. अब्बा-अम्मींना शेजारी बसवा आणि उत्तरे मोठ्याने वाचून दाखवा. जेथे उत्तर अडेल, तेथे सही थांबवा.

स्वाध्याय

1. लेखक विद्यार्थ्यांना 'काय म्हणून जाणार?' असा प्रश्न का विचारतात?

2. पदवी आणि सनद यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा. 'सनद' या शब्दाचा उर्दूतील व मराठीतील अर्थ सांगा.

3. नियम समजल्यावरही बहिणीने बी.फार्म. हीच पदवी निवडली. तिचा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो का? कारणे द्या.

4. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : दार उघडणे, खेटे घालणे, आडवे येणे.

5. उपक्रम : विज्ञानाच्या पुस्तकातील वीस शब्द उर्दू, मराठी व इंग्रजी अशा तीन रकान्यांत लिहा.